इलेक्ट्रिकल डिग्री: अमरावतीचं शासकीय की नागपूरचं खासगी विद्यापीठ? सल्ला पाहिजे

पांढरं_सोनं (नेर, जि. यवतमाळ)

रामराम मंडळी. पेरण्या आटोपल्या, डवरे सुरू आहेत आणि त्यातच पोरीच्या ॲडमिशनची धांदल. तिला सीईटीला (पीसीएम) ९४ च्या थोडे वर पर्सेंटाइल आहेत. ओबीसी, नॉन क्रिमीलेअर काढलेलं आहे. इलेक्ट्रिकलच करायचं हे तिनं अकरावीतच ठरवलं होतं, त्यामुळं ब्रँचवर वाद नाही. वाद आहे तो कुठं याचा.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी, इलेक्ट्रिकल, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत लागलं. फॉर्मात तो दुसरा पर्याय होता (पहिला पर्याय तिथलंच कॉम्प्युटर, मामाच्या आग्रहानं टाकलेला), म्हणून अजून फ्रीझ, म्हणजे पक्कं, झालेलं नाही. डिग्री संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची मिळेल.

दुसरीकडं नागपूरचं एक खासगी विद्यापीठ. नाव लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडंच जाईल. तिथंही इलेक्ट्रिकल. डिग्री त्यांची स्वतःची. फी वर्षाला पावणेदोन लाखाच्या घरात, होस्टेल-मेस वेगळं. त्यांच्या काउन्सेलिंगच्या टेबलावर सांगितलं की गुणांवर स्कॉलरशिप मिळते, आणि सीट ब्लॉक करायला पंचवीस हजार या शुक्रवारपर्यंत भरा. इमारत, एसी वर्ग, भिंतीवर कंपन्यांचे लोगो, सगळं पाहून आलो. अमरावतीला असं काही दाखवायला कोणी आलं नाही, आम्हीच गेटातून आत जाऊन पाहिलं.

साळा नागपूरला राहतो. त्याचं म्हणणं, अमरावती म्हणजे गावातून गावात जाणं, पोरीला जग दिसू दे. मी पाच एकरवाला कोरडवाहू माणूस, विहिरीवर थोडं ओलीत. कर्ज काढायची तयारी आहे, पण कशासाठी काढतो आहे ते कळलं पाहिजे. ज्यांनी पाहिलंय, भोगलंय त्यांनी सांगावं.


वऱ्हाडी_ठेचा

काय राजेहो, सरकारीत नंबर लागला अन् इचारून रायले? आमच्या टायमाले सरकारी भेटलं की बाप गावभर पेढे वाटे. एसी वर्गात बसून मोटर फिरते काय? भिंतीवरचे लोगो तं आमच्या तालुक्याच्या मोबाईल दुकानातबी हायेत, त्यातली एकबी कंपनी त्यायले वयखत नाई.

पावणेदोन लाख गुणिले चार करा, त्यात रायनं-खानं टाका. तेवढ्यात एक एकर येईन का नाई ते तुमीच पाहा. शुक्रवारपर्यंत भरा म्हणणारा मानूस मले कापसाच्या व्यापाऱ्यावानी वाटते, आज इकला नाई तं उद्या भाव पडन म्हने.


काटोल_रोड (सध्या पुणे)

ठेचाभाऊंचा मुद्दा मजेशीर, पण एकतर्फी आहे. मी नागपूरच्याच खासगी कॉलेजातून इलेक्ट्रिकल केलं (हे विद्यापीठ नव्हे), आज सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त असेच आयटीत गेले. नागपुरात कंपन्या कॅम्पसला येतात, शहरात क्लास आहेत, स्पर्धा आहेत, इंग्रजी बोलायची सवय लागते. हे आपल्याकडच्या मुलांनी कमी लेखून चालत नाही. मी आर्वीहून आलेला, पहिलं वर्ष नुसतं गप्प बसण्यात गेलं होतं.

शिवाय इलेक्ट्रिकलवाल्याला नागपूर म्हणजे पंढरी आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिन्ही वीज केंद्रं तासाभराच्या अंतरात. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन सुपरक्रिटिकल संच आहेत. इंटर्नशिपला रोज जाऊन येता येतं.

फीचं म्हणाल तर एज्युकेशन लोन असतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत फिटतं, नोकरी बरी लागली तर.


वऱ्हाडी_ठेचा

"नोकरी बरी लागली तर." या चार शब्दाईत सगळं आलं पाहा.


कॅपवाले_सर

मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो, दर जुलैत निम्मं गाव माझ्या ओट्यावर फॉर्म भरायला असतं. नागपूर की अमरावती हे नंतर पाहू. आधी एक गोष्ट तपासा, जी टेबलावर कोणी सांगत नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. पण त्यात दोन अटी आहेत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून सरळ वगळलेली आहेत.

म्हणजे तुमच्या मुलीला अमरावतीला शिक्षण शुल्क शून्य. नागपूरच्याच एखाद्या विनाअनुदानित संलग्न कॉलेजात कॅपमधून गेली असती तरी शून्य. पण त्याच नागपुरात खासगी विद्यापीठात गेली तर पूर्ण भरायचं. तुम्ही शहरं तोलून राहिलात, खरा फरक कोणत्या दारातून आत गेलात याचा आहे. माझ्याकडं आलेल्या पालकांना हे सांगितलं की दहातले आठ जण म्हणतात, "हे तर आम्हाला कोणी बोललंच नाही."

दुसरं, कटऑफ पाहताना गोंधळ होतो म्हणून सांगतो. यादीत जीओबीसीएस, जीओबीसीएच, जीओबीसीओ असं दिसतं. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातले, एस म्हणजे राज्यस्तर. अमरावतीचं शासकीय स्वायत्त आहे, तिथं जागा राज्यस्तरावर भरतात, म्हणून तुमच्या पोरीनं ही जागा कोल्हापूर-नाशिकच्या पोरांशी स्पर्धा करून घेतली आहे. हलकी समजू नका. संलग्न खासगी कॉलेजात मात्र नेरच्या मुलीला अमरावती विद्यापीठ हे होम, नागपूर हे बाहेरचं. म्हणून नागपूरचा कटऑफ पाहताना तिनं ओ चा रकाना पाहायचा, एच चा नाही.


पांढरं_सोनं

सर, हे आम्हाला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मी तर समजत होतो मुलींना फी माफ म्हणजे सगळीकडंच माफ. नागपूरवाल्यांना आज फोन केला, ते म्हणतात शासनाची नाही पण आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे, ५० टक्क्यांपर्यंत. ती धरली तर वर्षाला नव्वद हजाराच्या आत येतं. आता काय समजायचं?


कॅपवाले_सर

"५०% पर्यंत" मधला "पर्यंत" किती जणांना लागू होतो ते विचारा. आणि हे लेखी मागा: चारही वर्षं मिळेल का, दरवर्षी किती सीजीपीए टिकवायची अट आहे, एका विषयात बॅकलॉग लागला तर काय, आणि सूट फक्त शिक्षण शुल्कावर की डेव्हलपमेंट फी वगैरे धरून. सूट पहिल्या वर्षाला असते आणि फी दरवर्षी वाढते, असं झालं तर दुसऱ्या वर्षी तुम्ही अडकता, कारण तिथून उठून कुठं जाणार?

सीट ब्लॉकचे पैसे भरायचेच असतील तर परतीचे नियम आधी वाचा. यूजीसी दरवर्षी फी परतीचं परिपत्रक काढतं, ते विद्यापीठांना लागू असतं. कॅपची वेबसाइट सुरू असताना "शुक्रवारपर्यंत" हे तुमच्या सोयीचं नसून त्यांच्या सोयीचं आहे.

अमरावतीलाही सगळं फुकट नाही हो. शिक्षण शुल्क माफ, पण इतर शुल्कं, होस्टेल, मेस, पुस्तकं तुमच्याच खिशातून. अल्पभूधारक असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर) भरा. भाऊसाहेबांच्या नावाची योजना आणि आपल्याच भागातले लोक ती सोडून देतात, हे मला खटकतं.


मावशी_दारव्हा

माझा मुलगा नागपूरला खासगीत शिकतो आहे, तिसरं वर्ष. कॉलेज वाईट नाही, मी उगाच नाव ठेवणार नाही. पण खर्चाचं खरं गणित कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. फी ठरलेली असते, ती दिसते. दिसत नाही ते रूमचं डिपॉझिट, मेस बंद असली की बाहेरचं जेवण, लॅपटॉप, गाडीची मागणी (नागपुरात अंतरं मोठी, मुलं गाडीशिवाय राहत नाहीत), दिवाळी-पोळ्याला येणं-जाणं. आमच्या घरी दर महिन्याला पैसे पाठवताना सोयाबीन विकायची वेळ आमच्या हातात राहत नाही, भाव असो नसो विकावंच लागतं. व्यापाऱ्यालाही कळतं की यांच्या मुलाची फी आहे.

नेरहून अमरावती दीड-दोन तासांत. एसटीत बायामुलींना अर्धं तिकीट आहे. शनिवारी येऊन डबा-लोणचं घेऊन रविवारी परत. पहिल्या वर्षी हे लेकराला किती लागतं ते विचारूच नका.


नाना_पुसदकर

सगळं ठीक, पण मुलीला इलेक्ट्रिकल कशाला? खांबावर चढायचं काम. कॉम्प्युटर मिळत असेल तर बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरचा पर्याय) घ्या. आपला एक प्रांजळ सल्ला.


सबस्टेशनवाली

नाना, खांबावर लाइनमन चढतात, आणि आता त्यातही मुली आहेत. मी २२० केव्ही उपकेंद्रात आहे. इंजिनिअरची नोकरी पॅनलसमोर, यार्डात आणि कागदावर असते. तासातासाला लॉगशीटवर रीडिंग, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान, ब्रीदरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी पडली ते पाहणं. गुलाबी म्हणजे ओल धरली, बदला. लाइन ट्रिप झाली की कोणत्या रिलेनं (बिघाड ओळखणारं उपकरण) उडवली ते वाचून दोन मिनिटांत निर्णय. रात्रपाळी असते, ते खरं. ताकद लागत नाही, डोकं थंड लागतं.

आता मूळ प्रश्न. १९६० चं वीज मंडळ २००५ साली फोडून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झालं. या तिन्ही कंपन्यांत भरती होते तेव्हा डिग्री इलेक्ट्रिकलची आहे का ते पाहतात, मग परीक्षेचे गुण. माझ्या मुलाखतीच्या वेळी किंवा नंतर कॉलेजची इमारत कशी होती ते कोणी विचारलं नाही. पॉवरग्रिड, एनटीपीसीसारख्या केंद्राच्या कंपन्या गेट या परीक्षेच्या गुणांवर बोलावतात. गेटचा पेपर सगळ्यांना एकच, १०० गुणांचा, त्यात १५ ॲप्टिट्यूड, १३ गणित, बाकी इलेक्ट्रिकल. नागपूरवाल्याला वेगळा आणि अमरावतीवाल्याला वेगळा निघत नाही.

म्हणून मी पाहायला सांगेन ते एकच: मशीन लॅब. दोन्हीकडं पुन्हा एकदा जा आणि एसी वर्ग सोडून थेट मशीन लॅब दाखवा म्हणा. इंडक्शन मोटरच्या लोड टेस्टला ब्रेक ड्रम असतो, त्यावर पट्टा घासतो. ड्रम घासून चकचकीत झालेला असेल तर पोरं प्रॅक्टिकल करतात. त्यावर गंज किंवा धूळ असेल तर फाइली उतरवून काढतात, मग इमारत कितीही नवी असो. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट, शॉर्ट सर्किट टेस्ट मुलांना स्वतःच्या हातानं जोडू देतात की असिस्टंट जोडून ठेवतो, हेही तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा. प्रोफेसरला नको.

आणि एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन पाहा. ते कॉलेजला नसतं, प्रत्येक ब्रँचला वेगळं असतं आणि त्याला मुदत असते. गेटावर "एनबीए मानांकित" पाटी असते आणि मानांकन असतं दुसऱ्याच ब्रँचला. इलेक्ट्रिकलला, चालू वर्षाचं आहे का, एवढं विचारा.


नाना_पुसदकर

ताई, माहिती नव्हती. बरं झालं बोललात.


थर्डइयर_ईई

मी सरकारीतच आहे, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या. दुसरी बाजू सांगतो, कारण इथं सरकारी म्हटलं की सगळे डोळे मिटून हो म्हणतात.

आमच्याकडं काही विषयांना नियमित प्राध्यापक नाहीत, तासिका तत्त्वावर येतात. सेमिस्टरच्या मध्ये बदलतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आम्ही अर्धं यूट्यूबवर शिकलो. लॅबमध्ये मशीन जुन्या पण दणकट आहेत, त्या बंद पडत नाहीत. बंद पडतात ते त्यांच्यावरचे मीटर, आणि एक मीटर बदलायची फाइल फिरत राहते. होस्टेल गुणवत्तेवर मिळतं, सगळ्यांना मिळत नाही. हे सगळीकडं असंच असतं असं नाही, पण विचारून घ्या.

तरी मला विचाराल तर सरकारीच. कारण बॅच. माझ्या वर्गातली पोरं सगळी घासून आलेली आहेत, लातूरची, जळगावची, गडचिरोलीची. रात्री दोनला कोणी तरी जागं असतंच आणि सिनिअर गेटची नोट्स फुकट देऊन जातात. शिक्षकाची कमी यातून काही अंशी भरून निघते. अमरावतीचं तर १९६४ चं कॉलेज, साठ वर्षांतले माजी विद्यार्थी वीज कंपन्यांत पसरलेले. फोन उचलणारं कोणी तरी भेटतं.

अजून एक. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि पेपर कॉलेजचेच, निकाल लवकर लागतो. डिग्री मात्र विद्यापीठाचीच मिळते.


अकोलेकर (सध्या डब्लिन)

जग दिसण्याचा मुद्दा वर आला म्हणून. भारत जून २०१४ पासून वॉशिंग्टन ॲकॉर्डचा (एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायचा देशादेशांतला करार) कायम सदस्य आहे. त्याचा फायदा एनबीएचं टियर-१ मानांकन असलेल्या कोर्सला मिळतो. टियर-१ मध्ये स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठं येतात, साधी संलग्न कॉलेजं टियर-२ मध्ये. म्हणजे तुमच्या दोन्ही पर्यायांना दार उघडं आहे, मानांकन आहे का एवढाच प्रश्न. एमएसला प्रवेश घेताना याची फारशी गरज पडत नाही, पण बाहेरच्या देशात परवानाधारक इंजिनिअर म्हणून नोंद करायची वेळ आली की कागद शोधावे लागतात.

माझी स्वतःची डिग्री अमरावती विद्यापीठाची. इथं कोणाला अमरावतीही माहीत नाही आणि नागपूरही माहीत नाही. मार्कशीट, प्रोजेक्ट आणि बोलता येतं का, एवढं चालतं.


काटोल_रोड (सध्या पुणे)

फीमाफीचा नियम सरांनी सांगितला त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, तो निर्णायक आहे. पण बाकी मुद्दे सोडत नाही. नेरची मुलगी चार वर्षं दर शनिवारी घरी येत राहिली तर ती अमरावतीत राहतच नाही, तिथं फक्त झोपते. क्लब, स्पर्धा, हॅकेथॉन शनिवार-रविवारीच असतात. मावशी, लोणचं कुरिअरनंही जातं.

आणि आयटीला नावं ठेवू नका. इलेक्ट्रिकलच्या कोअर नोकऱ्या मोजक्या, भरती निघेल तेव्हा निघेल. कुठंही जा, पण कोडिंग आणि इंग्रजी पहिल्या वर्षापासून धरा. कॉम्प्युटर किंवा एआयचा मायनर (जोडविषय) घेता येत असेल तर घ्या.


मावशी_दारव्हा

कुरिअरच्या लोणच्याचं तेल सगळं पिशवीत सांडतं बाळा. पण तुझं म्हणणं पटलं, दर शनिवारी नको.


पांढरं_सोनं

बाबांच्या खात्यावरून मी लिहितेय, त्यांची मुलगी. सगळं वाचलं. माझ्याबद्दल चालू आहे तर मीच लिहिते.

मला इलेक्ट्रिकल का, तर आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळेस ती जळते. मागच्या हिवाळ्यात वायरमन काकांनी पेटी उघडली तेव्हा मी बाजूलाच होते. किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या खाचेत) फ्यूजची तारच नव्हती, त्या जागी ॲल्युमिनियमचे जाड तुकडे पिळून लावले होते. म्हणजे फॉल्ट आला की फ्यूज उडणार नाही, ट्रान्सफॉर्मरच जळेल. त्यांना विचारलं तर म्हणाले, फ्यूज टाकली की शेतकरी रोज फोन करतात, मग कोणी तरी तार टाकून देतं. बाबांची पाच एचपीची मोटरही एकदा सिंगल फेजिंगनं (तीनपैकी एक फेज गेल्यानं) जळाली आहे. आता सौर कृषी वाहिनीमध्ये उपकेंद्राजवळ पॅनल लावून दिवसा वीज द्यायचं चाललं आहे, मला त्यात काम करायचं आहे. कॉम्प्युटर पहिल्या पर्यायात टाकलं ते मामांसाठी, माझं मन त्यात नाही.

माझे प्रश्न: सोलर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये जायचं तर दोन्हीपैकी कुठं जास्त शिकायला मिळेल? आणि बारावीपर्यंत मराठी-सेमी, पहिल्या वर्षी किती जड जातं? काटोल रोड दादा, तुम्ही गप्प बसलात ते वर्ष कसं निघालं?


काटोल_रोड (सध्या पुणे)

तुझ्यासारखा प्रश्न मला तेव्हा पडला असता तर मी आज आयटीत नसतो. पहिलं वर्ष असं निघालं: प्रत्येक तासाला एक तरी प्रश्न विचारायचा, मोडक्या इंग्रजीत, असं रूममेटशी ठरवलं. दिवाळीपर्यंत हसणारे हसून थकले. शब्द तेच दोन-तीनशे असतात, कानाला सवय झाली की झालं. जड गेलं ते गणित. लाप्लास आणि फुरिये आधीच चाळून ठेव, नेटवर्क आणि कंट्रोलमध्ये तेच परत परत येतं.


सबस्टेशनवाली

किटकॅटमधली ॲल्युमिनियमची तार बारावीतल्या मुलीच्या नजरेत आली, मग कॉलेजची काळजी करू नकोस.

सोलरसाठी कोणत्याही कॉलेजच्या वेगळ्या कोर्सची वाट पाहू नको. इन्व्हर्टर म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला) जोडणं म्हणजे पॉवर सिस्टिम आणि प्रोटेक्शन. हे तीन विषय पक्के असले की सोलर कंपनी दोन महिन्यांत बाकी शिकवते. दोन्हीकडच्या तिसऱ्या वर्षाच्या विषयांची यादी वेबसाइटवर असते, ती समोरासमोर ठेवून पाहा. स्विचगिअर अँड प्रोटेक्शन सक्तीचा आहे की ऐच्छिक, ते बघ. ऐच्छिक असला तरी घे.

केंद्रांचं म्हणशील तर फक्त नागपूरलाच पंढरी नाही. अमरावतीजवळ नांदगावपेठेला २७० मेगावॉटचे पाच संच आहेत, अकोल्याकडं पारसला २५० चे दोन. औष्णिक केंद्र एकदा पाहायला ठीक, पण तुला जे करायचं आहे ते गावाच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत रीतसर अर्ज करून तिथं ट्रेनिंग माग. फीडरचं रोजचं लोडिंग, किती वेळा ट्रिप झालं, कुठल्या डीपी वारंवार जळतात, ही वही बघायला मिळाली तर तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथंच आहे.

आणि पेटीला स्वतः हात लावायचा नाही. वायरमन काका असले तरी नाही.


वऱ्हाडी_ठेचा

पोरी, आमच्या शिवारातलीबी डीपी जयाली हाय. तू इंजिनिअर होईस्तोवर आमी दम धरतो.


पांढरं_सोनं

बापच बोलतो आहे आता. काल पुन्हा दोन्हीकडं जाऊन आलो, ताईंनी सांगितल्याप्रमाणं मशीन लॅब पाहिली. नागपूरला लॅब नवी आहे, मशीनवर अजून प्लास्टिक होतं काही ठिकाणी. दाखवणारा मुलगा मार्केटिंगचा निघाला, त्याला ब्रेक ड्रम कुठला ते सांगता येईना. सूट चार वर्षांची लेखी द्या म्हटलं तर "सिस्टिममधून जनरेट होत नाही" म्हणाले. अमरावतीला कठोरा नाक्यावरून चालत आत गेलो, सुट्टीमुळं लॅबला कुलूप होतं, पण शिपाईदादांनी उघडून दाखवली. ड्रम पाहून पोरगी माझ्याकडं पाहून हसली.

संध्याकाळी लॉगिन करून अमरावती इलेक्ट्रिकल फ्रीझ केलं. साळ्याला फोन करून सांगितलं, तो दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल.

आता राहिलं होस्टेल आणि कागदं. जात वैधतेचा अर्ज केलेला आहे, प्रमाणपत्र अजून यायचं आहे, पावती आहे. चालेल का?


कॅपवाले_सर

पावतीवर प्रवेश होतो, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दिलं नाही तर ओबीसीचा लाभ जातो. वाट पाहत बसू नका. यवतमाळच्या जात पडताळणी समितीच्या कार्यालयात स्वतः जा, अर्ज क्रमांक घेऊन, त्रुटी काढली आहे का ते विचारा. बहुतेक वेळा आजोबांच्या दाखल्याची सत्यप्रत राहिलेली असते आणि तो निरोप मोबाईलवर येऊन पडलेला असतो, कोणी पाहत नाही. नॉन क्रिमीलेअरची तारीख पुढच्या ३१ मार्चपर्यंतची आहे ना, तेही बघा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा काढा.

कॉलेजात जाताना सगळ्याच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स. टीसी मूळ जमा होते, त्याच्या पाच-सहा झेरॉक्स आधीच काढून ठेवा, नंतर प्रत्येक स्कॉलरशिपला लागते. होस्टेलचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरा, दुसऱ्या दिवशी नाही. आणि महाडीबीटीवर मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे. गावातल्या बऱ्याच मुलींचं खातं आईच्या मोबाईल नंबरवर असतं, ते आजच तपासा.


मावशी_दारव्हा

अमरावतीला माझी नणंद आहे, गाडगेनगरला. होस्टेल मिळेपर्यंत चार-आठ दिवस लागले तर निःसंकोच सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.


पांढरं_सोनं

मावशी, व्यनि केला. आईच्याच नंबरवर खातं निघालं सर, सोमवारी बँकेत जातो.